पहिल्यांदाच भाड्याने राहणाऱ्यांची पारख

घरमालकांनो, आधीच्या घरमालकाचा दाखला नाही म्हणून नुकत्याच नोकरीला लागलेल्यांना नाकारू नका. त्याऐवजी ऑफर लेटर आणि ३ महिन्यांच्या पगार स्लिपा घ्या. स्लिपेवरचा निव्वळ पगार बँक स्टेटमेंटमधल्या जमेशी रुपयान् रुपया ताडून बघा, कारण स्लिप काय, कुणीही संगणकावर बनवतं. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असेल तर भाडेकरूच्या पालकांशी आधीच बोला.

आणि महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज साफ चुकीचा! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाचीच. करार नोंदवलेला नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं खरं मानलं जातं.