टेक्सास: भाच्यावर क्लास बी चोरीची केस, काउंटी कोर्टात पुढे काय होतं?

मिरजेची_मावशी

नमस्कार मंडळी. मी डॅलसच्या उत्तरेला राहते. माझ्या बहिणीचा मुलगा इथेच एमएस करतोय, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, दुसरं वर्ष. तीन आठवड्यांपूर्वी एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटला त्याने काही वस्तू स्कॅन केल्या, काही केल्या नाहीत. त्याचं म्हणणं, फोनवर बोलत होतो, लक्ष नव्हतं. दाराशी अडवलं. स्कॅन न केलेल्या मालाची किंमत भरली ११२ डॉलर. पोलीस, बेड्या, एक रात्र काउंटीच्या जेलमध्ये. सकाळी मॅजिस्ट्रेटने १,००० डॉलर जामीन सांगितला, मी रोख भरून त्याला घरी आणलं. आल्यावर दोन दिवस तो जेवला नाही.

आता तारखेचा कागद आलाय. क्लास बी मिसडिमीनर (म्हणजे किरकोळ गुन्ह्यांतला मधला वर्ग), थेफ्ट (चोरी), काउंटी कोर्ट ॲट लॉ, सकाळी ८:३०.

भाऊजींचं मिरजेत कापडाचं दुकान आहे. ते रोज फोन करतात, "दुकानदाराला भेटा, चार पैसे जास्त द्या, तक्रार मागे घ्यायला लावा." इकडे दुकानाच्या वकिलांचं पैसे मागणारं पत्रही आलंय. ते भरले की केस मिटते का? पहिल्याच तारखेला निकाल लागतो का? त्याला पिंजऱ्यात उभं करून प्रश्न विचारतील का? ताईला अजून काही सांगितलेलं नाही, त्यामुळे घरात कुणाशी मोकळं बोलताही येत नाही.

ह्यूस्टनकर_७७

एवढं काय घाबरायचं! गिल्टी म्हणायचं, दंड भरायचा, मोकळं व्हायचं. माझ्या रूममेटने २००९ मध्ये हेच केलं. दहा मिनिटांत बाहेर आला.

पूल_तपासणीस

ह्यूस्टनकर, तो रूममेट नंतर व्हिसा स्टॅम्पिंगला गेला तेव्हा काय झालं, तेही लिहा की.

मावशी, मी वकील नाही. तीस वर्षं पुलांच्या भेगा तपासल्या, आता निवृत्त. पण दोनदा काउंटी कोर्टात जूरीवर, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत, बसलोय आणि मित्राच्या मुलाच्या केसमध्ये पाच तारखांना त्याच्याबरोबर बाकावर बसलोय. तेवढ्या भांडवलावर लिहितो.

आधी भाऊजींचं. कागदावर नाव काय आहे बघा: "द स्टेट ऑफ टेक्सास" विरुद्ध तुमचा भाचा. दुकान इथे फक्त साक्षीदार. मॅनेजर उद्या हात जोडून म्हणाला की जाऊ द्या, तरी केस चालवायची की नाही हे काउंटीचा सरकारी वकील ठरवणार. दुकानाच्या वकिलांचं पत्र हा दिवाणी मामला, त्याचे पैसे भरल्याने फौजदारी केस मिटत नाही. वकिलाला दाखवल्याशिवाय भरू नका. आणि भाच्याने त्या दुकानात माफी मागायला मुळीच जाऊ नये. आपल्याकडे ते संस्कार वाटतात. इथे तो पुरावा होतो, शिवाय त्यांनी पुन्हा पाऊल ठेवू नकोस असं सांगितलं असेल तर दुसरा गुन्हा.

आता ११२ डॉलर. टेक्सासमध्ये १०० डॉलरच्या आतली चोरी म्हणजे क्लास सी. नुसता दंड, तोही ५०० पर्यंत, आणि ती केस जस्टिस ऑफ द पीस किंवा म्युनिसिपल अशा खालच्या कोर्टात जाते. १०० ते ७५० म्हणजे क्लास बी: १८० दिवसांपर्यंत काउंटी जेल, २,००० पर्यंत दंड. म्हणून तुम्ही काउंटी कोर्टात. बारा डॉलरांनी दार बदललं. वकील पहिल्यांदा किमतीच्या त्या यादीवरच बोट ठेवेल. त्यात एखादी वस्तू त्याने खरोखर स्कॅन केलेली निघाली, तर सगळं चित्र पालटतं. पावती आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा.

मोठ्या गुन्ह्यांना, म्हणजे फेलनीला, ग्रँड जूरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, जावं लागतं. इथे तसं नाही. सरकारी वकील "इन्फर्मेशन" नावाचा कागद दाखल करतो, तेच आरोपपत्र.

पहिल्या तारखेला काय होतं? बहुतेक काहीच नाही. खोली भरलेली असते, नाव पुकारतात, "हजर" म्हणायचं आणि बसायचं. खरं काम कोर्टाच्या एका कोपऱ्यात नाहीतर बाहेर कॉरिडॉरमध्ये चालतं. तिथे वकील आणि सरकारी वकील फाइल उघडून बोलतात आणि पुढची तारीख घेऊन मोकळे होतात. मित्राच्या मुलाच्या पाच तारखांपैकी चार अशाच गेल्या. कंटाळा येतो, पण त्या वेळात व्हिडिओ मिळतो. २०१४ पासून इथे मायकल मॉर्टन कायदा लागू आहे. बायकोच्या खुनासाठी जवळजवळ २५ वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव त्याला दिलंय. बचावाच्या वकिलाने मागितलं की सरकारला आपली फाइल दाखवावीच लागते: पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण (बॉडीकॅम), दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यांच्याकडे असेल तर तेही. चोरीत हेतू सिद्ध करावा लागतो. नुसतं विसरणं म्हणजे चोरी नव्हे. त्यामुळे व्हिडिओत भाचा खरंच फोनवर बोलताना दिसतो का, यावर बरंच काही आहे. व्हिडिओ बघायच्या आत "गिल्टी" म्हणणं म्हणजे पूल न बघताच रिपोर्टवर सही करणं.

जामीन रोख भरलात हे उत्तम. सगळ्या तारखांना तो हजर राहिला तर केस संपल्यावर, किरकोळ फी सोडली, तर पैसे परत मिळतात. पावतीवर ज्याचं नाव त्यालाच मिळतात, तेव्हा नाव तपासा. फी घेऊन जामीन भरणाऱ्या बॉन्डवाल्याकडे गेला असतात तर त्याचे साधारण दहा टक्के गेलेच असते. एक तारीख चुकली तर मात्र जामीन जप्त आणि अटकेचं वॉरंट. परीक्षा असो, डोहाळजेवण असो, हजर राहायचं म्हणजे राहायचं.

पिंजरा वगैरे नसतो. खटला चाललाच तरी त्याने साक्ष द्यायची की नाही हा त्याचा हक्क. माझ्या दुसऱ्या वेळेची गोष्ट सांगतो, दारू पिऊन गाडी चालवण्याची केस होती. काउंटी कोर्टात जूरी सहा जणांची, बारा फक्त डिस्ट्रिक्ट कोर्टात. आम्हा वीसेक जणांना बाकांवर बसवून प्रश्न विचारले. बचावाच्या वकिलाने विचारलं, "आरोपी काहीच बोलला नाही तर तुम्हाला काय वाटेल?" एक आजी म्हणाल्या, "प्रामाणिक माणूस बोलेल की!" झालं, त्यांना घरी पाठवलं. मी नऊ नंबरवर होतो. दोन्ही बाजूंना कारण न देता तीन-तीन नावं खोडता येतात, खोडता खोडता माझ्यापर्यंत आले. पहिल्या दिवसाचे सहा डॉलर मिळाले, पार्किंगही सुटलं नाही. (२०२३ पासून वीस केलेत म्हणे. श्रीमंती!)

व्हिडिओत, पोलिसांच्या नशेच्या चाचणीत, तो माणूस रेषेवरून नऊ पावलं गेला आणि नऊ परत आला, एकदा डगमगला. एवढ्याने ठरवायचं? खोलीत पाच जण एकीकडे, एक शाळेची बस चालवणारी बाई दुसरीकडे. सहाही जणांचं एकमत लागतं. "रीझनेबल डाउट" (वाजवी शंका, ती उरली तर गिल्टी म्हणता येत नाही) म्हणजे नेमकं काय, म्हणून आम्ही जजना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, तुम्हाला दिलेल्या सूचना वाचा. सूचनांमध्ये व्याख्या नाही, कारण टेक्सासमध्ये ती देतच नाहीत. संध्याकाळी पाचला आम्ही "नॉट गिल्टी" लिहिलं. त्या बसवाल्या बाईने एकेकाला आपल्या बाजूला ओढलं, शेवटचा मी.

पण हे ऐकून खटल्याच्या तयारीला लागू नका. बहुतेक केसेस कॉरिडॉरमध्येच संपतात. तिथे पुढे येणाऱ्या दोन शब्दांतला फरक भाच्याला पाठ करायला लावा. एक "प्रीट्रायल डायव्हर्जन": क्लास, समाजसेवा, काही महिने नीट वागणं, मग केस रद्द. दुसरा "डिफर्ड ॲडज्युडिकेशन": कानाला तसंच गोड लागतं, पण त्यात आधी गिल्टी किंवा नो कॉन्टेस्ट (आरोपाला विरोध नाही) म्हणावं लागतं.

ठाण्यात_अकरा_आठवडे

तपासणीसकाका, पुढचं मी लिहितो. त्या डिफर्डवर मी सही केली आहे.

२०१६, मीही विद्यार्थी होतो, रक्कम तुमच्याइतकीच. वकील स्वस्तातला. म्हणाला, डिफर्ड घे, सहा महिने प्रोबेशन, नंतर डिसमिस, रेकॉर्डवर कन्विक्शन (दोषी ठरल्याची नोंद) नाही. टेक्सासच्या कायद्याने ते खरंच होतं. पण इमिग्रेशनचा कायदा फेडरल. गुन्ह्याची कबुली आणि त्यावर प्रोबेशनसारखं कुठलंही बंधन, की तिथे ते कन्विक्शनच धरतात. २०२१ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगला भारतात गेलो, हातात २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडवल्याची, चिठ्ठी पडली आणि अकरा आठवडे ठाण्यात आईकडे बसून रात्रपाळीने ऑफिस केलं. शेवटी व्हिसा मिळाला, कारण पहिलाच गुन्हा, शिक्षा कमी, अशा किरकोळ गुन्ह्यांसाठी एक अपवाद आहे. तो एकदाच वापरता येतो.

म्हणून दोन वकील गाठा. एक त्याच काउंटी कोर्टात रोज उभा राहणारा, दुसरा इमिग्रेशनचा. सही करायच्या आधी दोघांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पॅडिला निकालापासून फौजदारी वकिलाने इमिग्रेशनचे परिणाम सांगणं बंधनकारक आहे, पण "मी सांगितलं" आणि "त्याला समजलं" यात फरक असतो. डायव्हर्जनच्या करारातही गुन्हा कबूल केल्याचं वाक्य आहे का, ते शोधा.

अजून एक. केस रद्द झाली की लोक उत्साहाने एक्सपंक्शन करून घेतात, म्हणजे रेकॉर्ड पुसून टाकतात. करा, पण आधी निकालाच्या चार-पाच सर्टिफाइड प्रती काढून ठेवा. व्हिसाच्या फॉर्मवर "कधी अटक झाली होती का" याचं उत्तर तरीही "हो" असतं, आणि पुसलेल्या केसचा कागद कोर्ट नंतर कुठून देणार? शिवाय नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द झाल्याची ईमेल येऊ शकते. भाच्याला सांगा ईमेल बघत राहायला, आणि वकिलाला विचारल्याशिवाय दिवाळीला घरी जायचं नाही.

ह्यूस्टनकर_७७

रूममेटशी २०११ नंतर बोलणं नाही. माझा सल्ला मागे घेतो.

मिरजेची_मावशी

सगळ्यांचे आभार. काल पहिली तारीख झाली. काका म्हणाले तसंच, दोन तास बसलो, उभं राहणं सात मिनिटांचं. वकीलबाईंनी व्हिडिओ मागितलाय, पुढची तारीख सहा आठवड्यांनी. इमिग्रेशनवाल्यांशी त्यांचं फोनवर बोलणं झालंय. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या दिवशीचे ३८.६० डॉलर दिसतात, म्हणजे काहीतरी स्कॅन झालं होतं नक्की. आता कुठल्या वस्तूंचे ते, हे दुकानाच्या यादीशी ताडून बघणार आहेत.

जामिनाच्या पावतीवर माझंच नाव आहे. भाऊजींना "स्टेट ऑफ टेक्सास" दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "राज्याशी तडजोड कशी करणार." रात्री त्यांनीच ताईला सांगितलं. ती आता सकाळपासून फोन करतेय, आणि मी हे लिहायचं निमित्त करून उचलत नाहीये.

पूल_तपासणीस

उचला.