सत्तरीत काजू कारखाना घालायचा आहे, आधी कुठल्या दारात जाऊ?

नमस्कार मंडळी,

गाव वाळपईपासून थोडं आत. दरवर्षी काजूबिया गोणींनी व्यापाऱ्याला देतो आणि मग म्हापशाच्या बाजारात गराचा भाव ऐकून कपाळाला हात लावतो. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून घरात हाच विषय. शेवटी बायको म्हणाली, बोलून बिया फुटत नाहीत, कामाला लागा.

बेत असा: घरामागच्या भाटात (बागायतीत) शेड. लहान बॉयलरवर बिया वाफवायच्या, हाताच्या कटरने फोडायच्या, सुकवणी आणि पॅकिंग विजेवर. कायम ८ बायका, एप्रिल-मेमध्ये २२.

महिनाभर फिरतोय. पंचायत म्हणते आधी सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करायची परवानगी आणा. ओळखीचा इंजिनियर म्हणतो आधी पणजीत आल्तिनोला कारखाने व बाष्पक (बॉयलर) खात्यात जा. प्रदूषण मंडळाची संमती दोनदा, उभारण्याआधी आणि चालू करण्याआधी. अन्न परवाना आणखी वेगळा. एका एजंटाने उद्यम (लघुउद्योगाच्या) नोंदणीचे तीन हजार सांगितले. मुलीने आधार-पॅन घालून घरीच फुकटात केली. त्या दिवसापासून एजंटाचा फोन उचलत नाही.

अडलंय दोन ठिकाणी. कारखाना म्हणून नोंद लागेल का? १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर काम असेल तर १० कामगार असं वाचलं, कोणी २० म्हणतो. आमची वर्षाची सरासरी दहाच्या आसपास पडते. दुसरं, सनदेसाठी एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढला, त्यात कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव आहे. वडील म्हणतात, १९७६ पासून जमीन आपलीच, काळजी कसली?

एकजण होंड्याच्या औद्योगिक वसाहतीतली बंद शेड 'कागदाबिगदाची गरज नाही, वापर' म्हणून देतोय. तेही डोक्यात आहे.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, गाडं तिथेच रुतणार आहे. वडील म्हणतात ते बरोबर. कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कुळं मालक झाली. पण १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा त्याच जमिनींना लागतो: कुळाला कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे सनदेच्या अर्जावर खर्चही करू नका. पूर्ण उतारा घेऊन आधी वकिलाला दाखवा. भाटाचा एखादा तुकडा दुसऱ्या सर्वे नंबरात, कुळाशिवाय असू शकतो. असला तरी त्याचा झोन, म्हणजे ती जागा कशासाठी राखलीय ते, नगरनियोजन खात्यात तपासावा लागेल.

आता आकडा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याच्या जागी कामगार संहिता लागू झाल्या, त्यात विजेवर २० आणि विजेशिवाय ४० धरलेत. तुमची सरासरी मात्र कामाची नाही. मागच्या बारा महिन्यांत एका दिवशी जरी २० भरले तरी तो कारखाना. मे महिन्यातल्या २२ बायका तुम्हाला आत ओढतात. बॉयलरचं या आकड्याशी देणंघेणं नाही. २५ लिटरच्या वरचा असेल तर कामगार चार असोत की चाळीस, नोंदणी आणि तपासणी आली. जुना, भंगारातला स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका, कागद नसलेला बॉयलर पास होत नाही.

प्रदूषण मंडळाच्या अर्जात बिया वाफवणार की ड्रममध्ये भाजणार ते स्पष्ट लिहा, टरफलं कुठे जाणार तेही. टरफलातला चीक ओढ्यात गेला तर पहिली तक्रार शेजारीच करेल.

होंड्याची शेड तोंडी घेऊ नका. वसाहतीतला प्लॉट औद्योगिक विकास महामंडळाच्या लीजवर असतो, परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. आणि तुमच्या नावाचा कागद नसेल तर पुढचा एकही अर्ज कशाच्या जोरावर करणार?

धागाकर्ता

आभार. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. त्या रकान्यात नाव यावं म्हणून आजोबा किती वर्षं मामलेदाराकडे खेपा घालत होते, ते आम्ही लहानपणापासून ऐकलंय. आता त्याच नावामुळे शेड होत नाही, हे त्यांना कसं सांगायचं ते बायकोवर सोपवलंय.

सोमवारी पणजीला पाटोवर महामंडळाच्या कार्यालयात जातोय. होंडा किंवा पिसुर्ले वसाहतीत रीतसर लहान शेड कोणी घेतली असेल तर अर्जाबरोबर काय काय मागितलं ते लिहा, म्हणजे एका फेरीत उरकेल.