बाळाचं नाव काय ठेवायचं, जुनं की नवं?

येळ्ळूरची सून: पुढच्या रविवारी मुलाचं बारसं आहे. सासूबाई म्हणतात आजोबांचं परशराम ठेवा, नवऱ्याला कियान पाहिजे, मला अद्वैत आवडतंय. आमच्याकडं पूर्वी घरटी एक यल्लाप्पा नाहीतर जोतिबा असायचा, आता अंगणवाडीत सगळे विहान आणि आरव. काय करू?

खानापूरकर: ताई, अद्वैत छान आहे पण आपल्या कर्नाटकात जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये शेवटच्या त ला हलंत लावून (पाय मोडून) घ्या, नाहीतर शाळेत अद्वैता वाचतात आणि पोरगी समजतात, आमच्या पुतण्याचं अस्संच झालंय. आणि नावाची घाई नको, जन्म नोंद २१ दिवसांत करा, नाव १२ महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं.

निपाणीची लेक: वाचायचा घोळ जपानमध्येपण आहे बघा. तिथं कांजी (त्यांची चित्रासारखी अक्षरं) एक लिहायची आणि उच्चार भलताच करायचा अशी फॅशन आली होती, म्हणून मे २०२५ पासून नोंदीत उच्चारपण लिहावा लागतो. आइसलंडमध्ये तर नवीन नावाला समितीची मंजुरी लागते, भाषेच्या व्याकरणात बसलं पाहिजे. फ्रान्समध्ये १९९३ नंतर आईबापांना बरीच मोकळीक मिळाली. आपल्याला एवढी मोकळीक असून सगळे एकच नाव ठेवतात याचं मला खरंच वाईट वाटतं. परशराम ठेवा ओ, वर्गात एकटाच असेल!

येळ्ळूरची सून: हलंताचं माहीतच नव्हतं, थँक्यू दादा. पाळण्यात परशराम आणि दाखल्यावर अद्वैत, असं आत्याबाईंना विचारते आज.