काहिलीत चुना घातला की समतोल मागं सरकतो का?

पलूसचा_बारावीवाला:
नमस्कार सगळ्यांना. बारावी सायन्सला आहे, एक शंका डोक्यात अडकलीय. आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे, काल तिथं बघत बसलेलो. रस काहिलीत (मोठ्या कढईत) ओतून जरा तापला की गुळव्यानं चुन्याची निवळी घातली, मग भेंडीचं पाणी, आणि थोड्या वेळानं वर काळपट हिरवी मळी फुगून आली ती झाऱ्यानं काढून टाकली. चुना कशाला ओ म्हणून विचारलं तर म्हणाले, "आंबटपणा मारतोय, नायतर गूळ चिकट हुतोय." आता आमच्या पुस्तकात पण हेच आहे, साखर अधिक पाणी, आम्ल असलं की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मग आम्ल समतोल उजवीकडं ढकलत असेल तर चुना आम्ल मारून तो डावीकडं आणतो का? म्हणजे फुटलेली साखर परत जुळते? क्लासच्या सरांना विचारलं तर "परीक्षेला येत नाही" म्हणाले, विषय संपला.

विट्याचा_मेकॅनिकल:
ले शातेलिएचं तत्त्व लाव की भावा, समतोलात ढवळाढवळ केली की तो ती भरून काढायच्या बाजूला सरकतो. एच प्लस (आम्लातला हायड्रोजन आयन) काढला की रिअ‍ॅक्शन मागं. एवढं काय त्यात.

कराडची_केमिस्ट्रीवाली:
विटेकर, जरा थांबा, इथंच निम्मी पोरं घसरतात.

बाळा, समीकरण लिहून बघ. डावीकडं साखर आणि पाणी, उजवीकडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. एच प्लस कुठंय? बाणाच्या डोक्यावर. साखरेच्या रेणूत दोन तुकडे एका ऑक्सिजननं जोडलेले असतात, त्या ऑक्सिजनला एच प्लस येऊन चिकटतो, बंध ढिला पडतो, पाणी आत शिरतं, तुकडे सुटतात आणि एच प्लस जसाच्या तसा बाहेर येऊन पुढचा रेणू धरायला मोकळा. खर्च होतच नाही, म्हणून समतोल स्थिरांकात त्याचं नावच नाही. उत्प्रेरक समतोल हलवत नाही, जायचा आणि यायचा दोन्ही वेग सारखेच वाढवतो. ले शातेलिए अ‍ॅसिटिक आम्लाच्या आयनीभवनात लावता येईल (एच प्लस काढला तर तिथं अभिक्रिया पुढं जाते), कारण तिथं एच प्लस स्वतः उजवीकडं उत्पादन म्हणून बसलेला आहे. इथं नाही.

आता समतोल आहे तरी कुठं? या अभिक्रियेचा डेल्टा जी नॉट (प्रमाण मुक्त ऊर्जेतला बदल) साधारण उणे 29 किलोज्यूल प्रति मोल, त्यावरून के, म्हणजे समतोल स्थिरांक, काढलास तर एक लाखाच्या वर जातो. म्हणजे समतोलापर्यंत पोचू दिलं तर साखर जवळजवळ शिल्लकच राहणार नाही, चुना घाला नाहीतर नका घालू. आपण गूळ खातो, साखर खातो ते केवळ ही अभिक्रिया ढिम्म हळू चालते म्हणून. सगळा खेळ वेगाचा आहे, आणि चुना नेमका वेगालाच हात घालतो.

वेग एच प्लसच्या संहतीच्या प्रमाणात असतो. ताज्या रसाचा पीएच (आकडा जेवढा कमी तेवढं आंबट) 5 ते 5.5 धर. समज 5.3 होता आणि चुन्यानं 7 वर आणला, फरक 1.7, आणि 10 चा 1.7 वा घात म्हणजे 50. तापमान तेच असेल तर साखर फुटायचा वेग पन्नासाव्या हिश्शावर आला. रस काहिलीत काही तासच असतो, तेवढ्या वेळात मग फार नुकसान होत नाही. पण चुना घालायच्या आधी जी फुटली ती फुटली, ती काय परत जुळत नाही.

एक गंमत सांगते. रासायनिक अभिक्रियेचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो याच अभिक्रियेचा, 1850 मध्ये, जर्मनीतल्या विल्हेल्मी नावाच्या माणसानं. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडं वळवतं आणि फुटल्यावरचं मिश्रण डावीकडं, कारण फ्रुक्टोजचा डावीकडचा ओढा ग्लुकोजच्या उजव्यापेक्षा जास्त. तर तो नुसता कोन वाचत बसला, नमुना काढायला नको की अभिक्रिया थांबवायला नको. त्यातनं त्याला दिसलं की जेवढी साखर शिल्लक तेवढा वेग. आज तुम्ही फर्स्ट ऑर्डर म्हणून जे घोकता (पाणी भरपूर म्हणून सूडो फर्स्ट ऑर्डर) ते हेच. आणि 1889 मध्ये अर्‍हेनियसनं तापमानाचं समीकरण मांडलं त्या लेखाचा विषय पण आम्लानं उसाची साखर फुटण्याचा वेग. सांगली-साताऱ्याच्या पोरांना हे कुणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं, दारात ऊस आणि उदाहरण घोकायचं मिथाइल अ‍ॅसिटेटचं.

पलूसचा_बारावीवाला:
मॅडम लई भारी, आता डोक्यात बसलं. पण अजून एक. पाणी तर समीकरणात आहे ना? काहिलीत आपण पाणीच आटवायलोय. मग पाणी कमी झालं की समतोल डावीकडं यायला पाहिजे, तिथं तरी ले शातेलिए चालेल ना?

कराडची_केमिस्ट्रीवाली:
शाब्बास, हा प्रश्न खरा. दिशा तुझी बरोबर आहे. पण किती सरकेल ते बघ. पाण्याची सक्रियता (अभिक्रियेला किती पाणी मोकळं आहे त्याचं माप) आटवून निम्म्यावर आणली तरी एक लाखाचे पन्नास हजार झाले. पन्नास हजार म्हणजे पण "साखर जवळपास नाही" असंच की. ले शातेलिए दिशा सांगतो, माप सांगत नाही, माप के सांगतो. आणि उलट जुळायचं म्हटलं तरी ग्लुकोज-फ्रुक्टोज नेमके त्याच ठिकाणी जोडले गेले पाहिजेत. ऊस ते काम ऊर्जा खर्चून एन्झाइमकडनं करून घेतो, काहिलीत ते होत नाही.

वाळव्याचा_ऊसवाला:
मॅडम बरोबर सांगायल्यात पण चुना म्हणजे नुसता आंबटपणा मारणं नव्हं. आमचा गुळव्या चुना मोजत नाय, चमच्यानं रस वर धरून बघतोय. कणी फाटल्यागत दिसली आन् खालचा रस निवळ दिसला की बास. जादा पडला तर गूळ काळा पडतोय, चवीला पण खारट-कडवट लागतोय, बाजारात भाव पडला म्हणून समजा. आन् कमी पडला तर पावसाळ्यात ढेप पाझरतीया, हाताला चिकटतीया. हे कशामुळं ते सांगा कुणीतरी.

कारखाना_लॅबवाला:
दादा, मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये असतो, सांगतो. ढेप पाझरते कारण फुटलेल्या साखरेतलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं. काळा पडतो त्याचं कारण उलट्या बाजूचं. साखर सौम्य अल्कलीत टिकते, पण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अल्कलीत गरम केले की तुटून तपकिरी रंगाची द्रव्यं आणि वर आम्लं तयार होतात. म्हणजे 7 च्या खाली साखर जाते, फार वर गेलं तर रंग काळवंडतो, मधली पट्टी अरुंद. कारखान्यात पण रसाला चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन 7 च्या आसपासच आणतात ते याचसाठी.

तुमची ती कणी फाटते ना, तिथं मात्र समतोलाचंच काम चालू असतं. रसात फॉस्फेट असतं, चुन्यातला कॅल्शियम त्याच्याशी जुळून कॅल्शियम फॉस्फेटचा न विरघळणारा साका होतो आणि तो खाली बसताना किंवा मळीबरोबर वर येताना घाण, मेण, प्रथिनं बरोबर घेऊन जातो. पीएच वाढला की फॉस्फेटचे हायड्रोजन सुटतात, आणि समतोल साक्याकडं सरकतो. बारावीवाल्या, तुला ले शातेलिए लावायचाच असेल तर इथं लाव, इथं एच प्लस समीकरणात आहे.

विट्याचा_मेकॅनिकल:
चला, माझा ले शातेलिए कुठंतरी उपयोगी पडला 😄 मग गुऱ्हाळावर पीएच बघायला हळदीचा कागद चालेल का? सांगलीत हळदीला काय तोटा.

कारखाना_लॅबवाला:
अर्धवट चालेल. हळद आम्लात आणि न्यूट्रलला पिवळीच, रंग बदलायला लागते ती साधारण साडेसातच्या वर आणि साडेआठपर्यंत लालसर तपकिरी होते (कुंकवात हळदीला चुना लावतात तो हाच रंग). म्हणजे 5.3 चा रस आणि 7 चा रस हळदीला सारखाच दिसणार. पण चुना जादा झाला का एवढं बघायचं असेल तर उपयोगी आहे, कागद लाल झाला की हात आवरा. 5.3 आणि 7 मधला फरक बघायचा तर ब्रोमोथायमॉल ब्लू (रंग बदलणारं दर्शक) नाहीतर साधी पीएच पट्टी घ्या, स्वस्त मिळते. आणि नमुना गार करून बघा. शंभर अंशाला शुद्ध पाण्याचा न्यूट्रल पीएचच 6.1 च्या आसपास असतो, त्यामुळं उकळत्या रसाचा आकडा बघून चुना ओतलात तर हमखास जादा पडणार.

पलूसचा_बारावीवाला:
सर मग काकवीत लिंबू का पिळतात? आई पण गुलाबजामच्या पाकात पिळती. तिथं आम्ल मारायच्या ऐवजी वाढवायलेत की.

कारखाना_लॅबवाला:
कारण तिथं साखर थोडी फुटलेलीच पाहिजे असते. नुसती साखर गार झाली की खडे धरते, मधे ग्लुकोज-फ्रुक्टोज मिसळलेले असले की स्फटिक नीट जमत नाहीत, पाक पातळ राहतो. काकवीला सायट्रिक आम्ल घालतात ते याचसाठी. काकवी 105-106 अंशाला उतरवतात, गूळ 118 च्या आसपास. लिंबू शेवटी पिळलं आणि लगेच गॅस बंद केला तर फारसं काय होत नाही, उकळताना पिळायचं, वेगाला तापमान पाहिजे. आईला विचार ती कधी पिळते, बहुतेक उकळी असतानाच.

वाळव्याचा_ऊसवाला:
आन् ऊस तोडून दोन-दोन दिवस गाडी कारखान्यावर नंबराला उभी ऱ्हाती त्यात पण साखर फुटती का ओ? रिकव्हरी (उसातनं निघणारी साखर) कमी आली म्हणून आमच्याच नावानं बोंब.

कारखाना_लॅबवाला:
फुटते. तिथं आम्लापेक्षा उसातलं साखर फोडणारं इन्व्हर्टेज एन्झाइम आणि टोकाकडनं शिरलेले जंतू जास्त काम करतात. ऊन जेवढं जास्त तेवढं जोरात, मार्च-एप्रिलला सगळ्यात वाईट. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळायचा म्हणतात. गाडीवरच्या उसाला चुना लावता येत नाही, त्यामुळं तिथं उपाय एकच, नंबर लवकर लागणं, आणि ते केमिस्टच्या हातात नाही दादा.