सकाळी डोळ्यांखाली फुगवटा येतो, कारण कसं ओळखायचं? मदत हवी आहे

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. वय ४२, स्त्री, राहणं फोंड्याला. पाऊस लागल्यापासून, म्हणजे साधारण सहा आठवडे, सकाळी उठल्यावर दोन्ही डोळ्यांखाली फुगवटा असतो. दुखत नाही, लाली नाही, नजरेत फरक नाही. रक्तदाब, मधुमेह नाही, रोजची कुठली गोळी नाही. झोप सहा-सात तास. काकडीच्या चकत्या ठेवून झाल्या, बाजारातलं एक आय क्रीम तीन आठवडे लावून झालं. उपयोग शून्य.

हे वयाचं, खाण्याचं की आणखी कशाचं? डॉक्टरकडे जाण्याआधी घरी काय बघून ठेवू? आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं, डोळ्यांच्या की साध्या फिजिशियनकडे?

खाजन

ताई, चार दिवस सगळे उपाय बंद ठेवा आणि फक्त बघा. डोळ्यांखालचा फुगवटा वरून सारखाच दिसतो, पण आत एक तर पाणी असतं, नाही तर चरबी, नाही तर अ‍ॅलर्जीची सूज. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणूनच तीन आठवडे क्रीम लावूनही हाती काही लागत नाही.

सकाळी उठल्याबरोबर, दुपारी १२ ला आणि संध्याकाळी ६ ला फोटो काढा. जागा तीच, खिडकी समोर, फोन डोळ्यांच्या उंचीवर, फ्लॅश बंद. वरून दिवा असला की सावली पडते आणि नसलेला फुगवटा दिसतो. पाणी असेल तर संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी ओसरतं. चरबी घड्याळ बघत नाही, सकाळी जेवढी तेवढीच संध्याकाळी.

दुसरी खूण: मान न हलवता फक्त नजर वर छताकडे न्या. चरबीचा फुगवटा वर बघताना जास्त पुढे येतो, खाली बघताना कमी होतो. खालच्या पापणीमागे चरबीचे तीन कप्पे असतात आणि त्यांना एक पातळ पडदा धरून ठेवतो. वयानुसार तो पडदा सैल पडला की चरबी पुढे सरकते. पाण्याच्या सुजेवर नजर वर-खाली केल्याचा फारसा परिणाम होत नाही.

फुगवटा नेमका कुठे संपतो तेही बोटाने चाचपा. खोबणीचं हाड लागतं त्याच्या वर असेल तर पापणीचा. हाडाच्या खाली, गालावर उशीसारखा असेल तर तो वेगळा प्रकार आणि त्याचे उपायही वेगळे.

यासोबत तीन गोष्टी लिहून ठेवा. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरल्यावर खळगा राहतो का? लघवीला फेस येऊन तो बराच वेळ टिकतो का? डोळ्यांना खाज, सकाळी शिंका आहेत का? पाळीची तारीखही टिपा. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं, आणि तेव्हाचाच फोटो बघून माणूस उगाच घाबरतो.

तिवळ

तोवर सकाळी घराबाहेर पडण्याआधी करायचं एवढंच. स्वच्छ पातळ रुमाल फ्रिजमधल्या पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर १० मिनिटं ठेवा, मधे एकदा पुन्हा गार करा. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज थोडा वेळ उतरते. बर्फ थेट लावू नका, फ्रीझरमधला चमचाही नको, तिथली कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि पोळते. काकडीत काही विशेष नाही, जो काही गुण येतो तो तिच्या गारव्याचा.

चहाच्या पिशव्या वापरायच्या तर साध्या, बिनवासाच्या. गरम पाण्यात ३-४ मिनिटं, पिळून फ्रिजमध्ये २० मिनिटं, मग डोळ्यांवर १० मिनिटं. कॅफिनची थोडी मदत होते, बाकी काम गारव्याचंच. कॅफिनचं जेलही तसंच, दुपारपर्यंत त्याचा असर संपतो.

पोफळ

क्रीमबद्दल एक. रात्री जाड क्रीम किंवा खोबरेल अगदी पापण्यांच्या केसांपर्यंत थापलं तर झोपेत ते वितळून डोळ्यात उतरतं, डोळा चुरचुरतो आणि सकाळी त्याचीच सूज असते. काहीही लावायचं तर खोबणीच्या हाडावर, तुरीच्या दाण्याएवढं, तेही झोपण्याआधी अर्धा तास.

वायंगण

मूळव्याधीचं मलम लावल्याने डोळ्यांखालची सूज लगेच उतरते असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. चालेल का?

खाजन

नाही. त्यातल्या काही मलमांत रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं, म्हणून तासाभरासाठी फरक दिसतो. पण काहींत स्टेरॉइड असतं. डोळ्यालगत स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. दाब वाढलेला माणसाला कळत नाही, म्हणून हे इतकं ठासून लिहितोय. खाजेवर म्हणून फार्मसीतून आणलेल्या ट्यूबांनाही हेच लागू. लिंबाचा रस, टूथपेस्ट, बाम हेही डोळ्यापासून लांब ठेवा.

अबोली_फोंडा

चार दिवसांचे फोटो झाले. सकाळी ७ ला भरपूर, १२ ला निम्मं, ६ ला जवळजवळ सपाट. वर बघितलं की नाकाच्या बाजूला थोडासा उंचवटा राहतो. नडगीवर खळगा नाही, लघवीला फेस नाही. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात रात्री खाज असते आणि अंथरूण झाडताना शिंका येतात.

जेवणाचं लिहिते. सकाळी पेज आणि मिस्कूट (कैरीचं लोणचं), किंवा भाजी-पाव. रात्री आठवड्यातून चारदा तरी किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) नाही तर खारा बांगडा. ताजी मासळी सध्या नाहीच.

खाजन

म्हणजे तुमच्याकडे मुख्य पाणी, सोबत थोडी अ‍ॅलर्जी आणि नाकाच्या बाजूला वयाची किंचित चरबी. शेवटच्या गोष्टीकडे आज लक्ष देऊ नका.

पाऊस आणि फुगवटा एकदम का आले ते तुमच्याच जेवणात आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, आणि घरात पुरुमेताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवलेला, साठा निघतो: खारी मासळी, मिस्कूट, पापड. हे सगळं टिकतं ते मिठावर. रात्री पोटात गेलेलं मीठ पाणी धरून ठेवतं. दिवसभर उभं-बसलेलं असताना ते पायांकडे उतरतं, आडवं झालं की चेहऱ्याकडे पसरतं, आणि पापणीखालचा भाग सैल व कातडी पातळ म्हणून पहिल्यांदा तिथेच दिसतं. उठल्यावर उभं राहणं आणि पापण्यांची उघडझाप यांनी ते हळूहळू निघून जातं. तुमचे फोटो हेच सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा, लोणचं-पापड-पाव सगळं धरून. घरचा हिशेब असा करा: चार माणसांना महिन्याला फार तर ६०० ग्रॅम. एक किलोचं पाकीट महिन्यात संपत असेल तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर गेलं, आणि खाऱ्या मासळीतलं अजून मोजलेलंच नाही. पाकिटातल्या खाण्यावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं.

किसमूर सोडायला नको. त्यातला गालमो, म्हणजे बारीक सुकी सुंगटं, पुष्कळदा बिनमिठाचा वाळवलेला असतो, चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. खारट लागला तर चाळणीत दोनदा झटपट धुवा, मुठीत पिळा आणि मंद आचेवर कोरडाच कुरकुरीत होईपर्यंत परता. भिजत ठेवला तर तो मऊ पडतो आणि किसमुरीची मजा जाते. वरून मीठ अजिबात नको, खोबरं, कांदा आणि चिंच पुरे. खाऱ्या बांगड्याचं उलट: तो मिठातच मुरवलेला, त्याला तुकडे करून कोमट पाण्यात अर्धा तास, पाणी फेकून पुन्हा अर्धा तास. तरी मीठ राहतंच, म्हणून तो दुपारी खा, रात्री नको. पेजेबरोबर मिस्कुटाची फोड एक, आणि खारातलं पाणी भांड्यातच राहू द्या.

पाणी पिणं कमी करू नका, त्याने काही साधत नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते धोक्याचं, म्हणून घरात कुणी तसं असेल तर विचारल्याशिवाय आणू नका. मिठागरातलं जाडं मीठ आवडीने वापरत असाल तर त्यातही सोडियम तेवढंच, आणि आयोडीन घातलेलं नसेल तर थायरॉइडच्या दृष्टीने तोटाच.

पोफळ

खाज आणि अंथरूण झाडताना शिंका, हे धुळीतल्या माइट्सचं लक्षण वाटतं. डोळ्यांना न दिसणारे हे जीव गादी-उशीत राहतात आणि दमट हवा त्यांना मानवते. आपल्याकडे पावसात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, वर भिंतीला बुरशी.

उशीचा अभ्रा आणि चादर आठवड्याला ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवा, गार पाण्याने माइट्स मरत नाहीत. पावसात खरी अडचण वाळवण्याची. अर्धवट वाळलेला अभ्रा उशीवर चढवला तर बुरशीची आणखी सोय होते. पंख्याखाली वाळवा, मग दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा, शिवणीवर जास्त वेळ. कापसाची जुनी उशी वर्षानुवर्षं वापरात असेल तर बदला आणि वर चेनचं घट्ट विणीचं कव्हर घाला. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. अंथरूण झाडायचं तर नाकाला फडकं बांधून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून.

खाज सुटली की चोळायचं नाही, गार रुमाल ठेवायचा. चोळल्याने सूज दुप्पट होते आणि पुढे काळी वर्तुळंही येतात. खाज रोजची असेल तर डॉक्टर रात्री सेटिरिझिन १० मि.ग्रॅ. किंवा कमी झोप आणणारं फेक्सोफेनाडिन देतात, डोळ्यांत ओलोपाटाडिनचे थेंब. सेटिरिझिनने काहींना सकाळपर्यंत सुस्ती राहते, स्कूटर चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा बदलते, म्हणून मनाने सुरू करू नका. केसांचा नवा रंग, नवी नेलपॉलिश आणली होती का तेही आठवून बघा. नखांना काही न होता तिची अ‍ॅलर्जी पापणीवर उठते, कारण हात सतत डोळ्यांना लागतो.

तिवळ

पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली १०-१५ सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे द्या. उशांवर उशा रचून फक्त मान वाकते, छाती आडवीच राहते. आणि सकाळी एकाच डोळ्याला जास्त दिसत असेल तर आधी कुठल्या कुशीवर झोपता ते बघा.

वायंगण

वडिलांचं वय ६५. त्यांच्या पिशव्या संध्याकाळीही तशाच असतात, वर बघितलं की जास्त. काही करता येतं?

खाजन

ही चरबी. क्रीम, व्यायाम, मसाज यांनी ती मागे जात नाही, पैसे घालवू नका. त्रास नसेल तर तसंच ठेवलं तरी काही बिघडत नाही. नको असेल तर शस्त्रक्रिया हाच उपाय, तीही पापण्यांचं खास काम करणाऱ्या नेत्रशल्यविशारदाकडे. जास्तीची कातडी नसेल तर पापणीच्या आतल्या बाजूने चरबी काढतात किंवा सरकवतात, बाहेर व्रण राहत नाही. निळसरपणा जायला दहा-पंधरा दिवस. आधी डोळे कोरडे आहेत का ते तपासून घ्या. घरी खालची पापणी हलकी पुढे ओढून सोडून बघा, ती लगेच जागेवर बसायला हवी. उघडझाप केल्याशिवाय बसत नसेल तर शस्त्रक्रियेनंतर ती खाली लोंबण्याचा धोका असतो, डॉक्टरना सांगाच. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ज्यांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. फिलरच्या (डोळ्यांखाली सुईने भरायच्या जेलच्या) बाबतीत सावध राहा, हायलुरोनिक फिलर पाणी ओढतो आणि सुजऱ्या डोळ्यांखाली तो उलट बिघाड करतो.

अबोली_फोंडा

सगळ्यांचे आभार. सुरुवात कशाने करू, आणि तपासणीचं काय?

खाजन

तपासणी वाट न बघता करून टाका, खर्च फार नाही: रक्तदाब, सकाळच्या पहिल्या लघवीत प्रथिनं, रक्तात क्रिएटिनिन, अल्ब्युमिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). मूत्रपिंडातून प्रथिनं जाऊ लागली की पहिली सूज पुष्कळदा डोळ्यांभोवतीच येते, लहान मुलांत तर हमखास. थायरॉइड मंद असेल तर सोबत थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, वाढतं वजन असतं. यासाठी फिजिशियन, फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातही हे होतं. आकडे ठीक आले आणि खाजच उरली तर डोळ्यांच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरकडे.

काही बाबतीत मात्र फोटो काढत बसू नका. एकाच डोळ्याला लाल, गरम, दुखरी सूज, ताप, डोळा हलवताना कळ किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणं, हे असेल तर त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात). ओठ-जीभ सुजून श्वास अडकत असेल तर १०८.

सुरुवात रात्रीच्या मिठाने करा, १४ दिवस, बाकी काही न बदलता. मग अंथरूण. दोन्ही एकदम केलंत तर कशाने गुण आला ते कळणार नाही आणि पुढच्या पावसात पुन्हा सगळंच करत बसावं लागेल. फोटो त्याच खिडकीपाशी, सकाळी तोंड धुण्याआधी. गार पाण्याचा हबका मारून काढलेला फोटो मोजू नका.