नवीन असेंबल केलेल्या पीसीला ४ टीबीची हार्ड डिस्क दिसतच नाहीये, मदत हवी आहे

पहिलाच_पीसी:
मंडळी, पहिल्यांदाच स्वतः पीसी असेंबल केलाय. एनव्हीएमई एसएसडीवर (मदरबोर्डवर थेट बसणारी छोटी वेगवान ड्राइव्ह) विंडोज टाकलं, तिथपर्यंत सगळं नीट झालं. माझ्याकडे ४ टीबीची एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क होती, मोठी, वेगळा अॅडॉप्टर लागणारी, ती केसिंग उघडून आतली साटा डिस्क (साटा म्हणजे पीसीच्या आतल्या डिस्कची नेहमीची जोडणी) नव्या कॅबिनेटमध्ये बसवली. पण ती विंडोजमध्ये नाही आणि बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) नाही. केबल दोनदा काढून घातली, काही फरक नाही. काढायच्या आदल्या दिवशीपर्यंत यूएसबीवर व्यवस्थित चालत होती हो, आणि आत घरातले दहा वर्षांचे फोटो आहेत ज्यांची दुसरी कॉपी नाही, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. डिस्क गेली असेल का?

केबलवाला:
घाबरू नका, बायोसलाच दिसत नाही म्हणजे विंडोजमध्ये काही शोधत बसायची गरज नाही, आधी वायर आणि पोर्ट बघायचे. बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसते तो खाचा) आणि काही साटा पोर्ट एकाच लेनवर, म्हणजे डेटाच्या एकाच वाटेवर असतात, त्या स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवली की ते साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कुठला एरर वगैरे येत नाही. कुठले पोर्ट ते बोर्डप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या पानावर टेबल असतं त्यात बघा. आणि पॉवरची केबल एसएमपीएसच्या (पीसीचा पॉवर सप्लाय) बॉक्समधलीच लावलीय ना? मॉड्युलर, म्हणजे केबल वेगळ्या काढता येणारा एसएमपीएस असेल तर जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या सप्लायची केबल अजिबात लावू नका. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं पण सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी वेगळी असू शकते, चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले तर डिस्क जळते.

पहिलाच_पीसी:
केबल बॉक्समधलीच आहे. मॅन्युअल बघितलं, खरंच दुसऱ्या एम.२ मुळे दोन पोर्ट बंद होतात पण माझी एनव्हीएमई पहिल्या स्लॉटमध्ये आहे. तरी पोर्ट बदलून पाहिला, नाही दिसली.

सोल्डर_आणि_टेप:
एक सांगा, पीसी चालू केल्यावर डिस्कवर बोट ठेवलं तर फिरल्याची थरथर जाणवते का? आणि परत जुन्या केसिंगच्या बोर्डाला लावली तर फिरते का?

पहिलाच_पीसी:
पीसीमध्ये अजिबात थरथर नाही, एकदम शांत. केसिंगच्या बोर्डाला लावली तर फिरते आणि फोटोही दिसतात!! म्हणजे डिस्क जिवंत आहे, केवढा धीर आला.

सोल्डर_आणि_टेप:
मग हा ३.३ व्होल्टचा घोळ आहे, जवळजवळ खात्रीने. साटा पॉवरच्या पहिल्या तीन पिनांवर पूर्वी ३.३ व्होल्ट असायचे. २०१६ मध्ये आलेल्या साटा ३.३ मध्ये (हा ३.३ साटाच्या नियमांच्या आवृत्तीचा नंबर, व्होल्टेज नव्हे) तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं, तिथे व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. सर्व्हर रूममध्ये अडकलेली डिस्क लांबून रिसेट करायला ते सोयीचं. एक्स्टर्नल केसिंगमध्ये बऱ्याचदा अशाच डिस्क निघतात. तुमचा एसएमपीएस त्या पिनेवर अजून ३.३ देतोय आणि डिस्क ते हुकूम समजून गप्प बसलीय. केसिंगच्या बोर्डावर ते व्होल्टेज येत नाही म्हणून तिथे फिरते.

उपाय, पीसी बंद करून प्लग काढा, डिस्कच्या पॉवर कनेक्टरवर डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजलेल्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सहन करणारी, वीज न वाहू देणारी टेप) बारीक पट्टी चिकटवा. साधी सेलोटेप नको, गरम झाली की सरकते. मोलेक्स (एसएमपीएसचा जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) ते साटा कन्व्हर्टरनेही होतं कारण मोलेक्सला ३.३ व्होल्ट नसतातच, पण पूर्ण प्लास्टिकमध्ये ओतलेले स्वस्त कन्व्हर्टर वितळल्याच्या, पेटल्याच्या तक्रारी आहेत, मी स्वतः टेपच वापरतो.

पण हे करायच्या आधी फोटो यूएसबीवरून दुसरीकडे कॉपी करा. काही केसिंगचा बोर्ड सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) वेगळ्या मापाने दाखवतो, काही बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करून लिहितात, तेव्हा थेट साटावर लावली की विंडोजला डिस्क कोरी वाटते आणि "इनिशियलाइझ करायची का" असं विचारतं. तिथे ओके दाबू नका, नवीन पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत याची यादी) लिहिलं जातं.

पहिलाच_पीसी:
कॉपीला रात्रभर लागलं, पण फोटो सगळे दुसऱ्या डिस्कवर गेले, मधले पाचपन्नास उघडूनही बघितले. मग टेप लावली आणि पहिल्याच बूटला बायोसमध्ये नाव आलं! विंडोजमध्ये तुम्ही सांगितलं तसंच, डिस्क मॅनेजमेंट उघडल्या उघडल्या इनिशियलाइझचा डबा समोर. सांगितलं नसतं तर मी ओके दाबलंच असतं. आता पार्टिशन टेबलचा कुठला प्रकार निवडू, जुना एमबीआर घेऊ की नवा जीपीटी?

केबलवाला:
कॉपी झालीय तर बिनधास्त जीपीटी. ५१२ बाइटच्या सेक्टरवर एमबीआर २ टीबीच्या पुढची जागा वापरूच देत नाही, निम्मी डिस्क वाया जाईल.

पहिलाच_पीसी:
जीपीटी केली, एनटीएफएस फॉरमॅट झाली, पूर्ण जागा दिसतेय (३.६३ दाखवतंय, ते विंडोजच्या मोजणीमुळे ना?). फोटोंची दुसरी कॉपी आता हिच्यावर चालू आहे.

सोल्डर_आणि_टेप:
हो, ३.६३ बरोबर आहे.