वर्ग केल्यावर जादा उत्तरे का येतात? अकरावीच्या त्रिकोणमितीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझी मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. तिच्या गृहपाठातील एका उदाहरणापाशी आम्ही दोघी दोन दिवस अडलो आहोत. उदाहरण असे: साइन थीटा + कॉस थीटा = १ हे समीकरण सोडवा; थीटा ० अंश किंवा त्याहून मोठा, पण ३६० अंशांपेक्षा लहान आहे.

तिने दोन्ही बाजूंचा वर्ग केला. साइन आणि कॉस यांच्या वर्गांची बेरीज १ असते, ही नित्य समानता वापरल्यावर साइन थीटा × कॉस थीटा = ० एवढेच उरले आणि त्यावरून ०, ९०, १८० आणि २७० अंश अशी चार उत्तरे आली; पुस्तकामागे मात्र ० आणि ९० ही दोनच दिली आहेत. प्रत्येक पायरी नियमाला धरून असताना चुकीची उत्तरे शिरली कोठून, असे ती विचारते. १८० अंश घातल्यास डावी बाजू −१ येते, हे मी तिला दाखवले. पण ताळा जुळत नाही म्हणून सोडून दे, एवढ्याने तिचे समाधान होत नाही, आणि ते होऊ नये असेच मलाही वाटते.

दुसऱ्या उदाहरणात उलटेच झाले. २ × साइन थीटा × कॉस थीटा = साइन थीटा हे सोडवताना तिने साइन थीटाने भागले; ६० आणि ३०० अंश मिळाले, पण ० आणि १८० हरवले. कोणत्या पायरीला उत्तरे वाढतात आणि कोणत्या पायरीला गळतात, हे आधी ओळखता येईल का?

उत्तर:

नमस्कार ताई. मुलीची शंका मोलाची आहे. प्रत्येक पायरीवरून मागे परतता येते का, हे तिने स्वतःला विचारावे. १ आणि −१ या दोघांचाही वर्ग १ असल्यामुळे वर्ग करताना तिने नकळत बेरीज −१ असलेले समीकरणही सोडवले. १८० आणि २७० ही त्याची उत्तरे आहेत. √(२क्ष + ३) = क्ष सोडवताना ३ या खऱ्या उत्तरासोबत −१ हे जादा उत्तर येते, तेही याच वाटेने. वर्गाऐवजी दोन्ही बाजूंना √२ ने भागल्यास, साइन ४५ अंश आणि कॉस ४५ अंश दोन्ही १/√२ असल्यामुळे, कॉस (थीटा − ४५ अंश) = १/√२ मिळते. ही पायरी √२ ने गुणून परतवता येते, म्हणून ० आणि ९० एवढीच उत्तरे येतात.

साइन थीटाने भागताना मात्र ती शून्य नाही असे आपण गृहीत धरतो. तेथे भागू नये. सर्व पदे एका बाजूला घेऊन अवयव पाडावेत. साइन थीटा × (२ कॉस थीटा − १) = ० यातून चारही उत्तरे मिळतात.